एक मिंटाची तबकडी

मी तिसरी पास आहे. चौथीत बसले होते, पण मास्तरांनी सुपारीचं झाड किती उंच असतं असं विचारलं आणि मी त्यांना विचारलं, कोणाच्या वाडीतलं. त्यानंतर मी आणि शाळा, दोघींनी एकमेकींचं नाव घेतलं नाही. असं असलं तरी रेवदंड्यात कोणत्याही वस्तूचा भाव ठरवायचा झाला की माणसं माझ्याकडे येतात. हे मी अभिमानाने सांगत नाही, नोंद असावी म्हणून सांगते. सुकलेली सुपारी कानाशी हलवून ती भरलेली की पोकळ ते मी सांगते. पापलेट कालचं की परवाचं ते त्याच्या डोळ्यात बघून सांगते. सून कशी निघेल ते मी तिने कपबशी उचलली तेव्हाच सांगितलं होतं, आणि आमची क्षिप्रा निघालीही तश्शीच. कप घट्ट धरते, बशी सोडते.

एवढ्या वर्षांत एकाच वस्तूचा भाव मला लावता आला नाही. त्याची ही हकिकत.

आमचे हे, ज्यांना अख्खा गाव दादा म्हणतो, मुंबईत बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीत कारकून होते. शनिवारी लाँचने रेवसला उतरायचे आणि तिथून एसटीने घरी. बाकीच्यांचे नवरे मुंबईहून येताना सुतरफेणी आणत, साडी आणत, निदान पेढे तरी. आमचे काळ्या तबकड्या आणायचे. परदेशी खलाशी खर्चाला पैसे कमी पडले की त्या स्वस्तात विकायचे आणि विकत घ्यायला आमचे हे फाटकाशी उभेच असायचे. त्या गाण्याला जॅझ म्हणतात. त्यात एकजण तुतारी फुंकतो, दुसरा पिंप बडवतो, तिसरा मध्येच उठून दोघांशी भांडतो आणि शेवटी सगळे एकदम थांबतात, जसा कोणाचा तरी सासरा दारात येऊन उभा राहिला. पन्नास वर्षं, आधी सुट्टीच्या दिवशी आणि नोकरी संपल्यावर रोज, संध्याकाळी सात वाजता आमच्या माजघरात हे भांडण लागायचं. तबकड्या चौसष्ट.

त्यातली एक कधी वाजली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दादांनी ती माझ्यासाठी म्हणून आणली. वर पातळ प्लास्टिक, तसंच चिकटवलेलं. म्हणाले, "गोदू, ही दोघांनी मिळून ऐकायची. ये." मी अंगणात सुपारी वाळत घालत होते. म्हटलं, "एक मिंट थांबा, एवढं आटपते." आमच्याकडे मिनिटाला मिंट म्हणतात, आणि घड्याळातल्या मिनिटाशी त्याचं काही नातं नाही. ती सुपारी आटपली, मग सासूबाईंचं दुखणं आटपलं, मग सलिल झाला, मग सलिलची मुंज, शिंप्याकडचे हेलपाटे, वाडीची मोजणी. दर दिवाळीला दादा ती तबकडी काढायचे, दर दिवाळीला मी एक मिंट मागायची, आणि ते ती परत फळीवर उभी करायचे. वर एक चिठ्ठीही अडकवून ठेवली होती: "गोदूसाठी. हातातलं काम झालं की."

गेल्या मे महिन्यात अलिबागच्या कानाच्या डॉक्टरांनी दादांना सांगितलं की डावा कान गेलेलाच आहे, उजवा दिवाळीच्या पुढे टिकेल असं वाटत नाही. मशीन लावून माणसांचं बोलणं थोडंफार कळेल, गाण्याचं काही सांगता येत नाही. दादांनी घरी येऊन चहा घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून पाहिली.

"चौसष्ट आहेत," ते म्हणाले. "रोज एक म्हटली तर प्रत्येक दोनदा होईल. वर थोडे दिवस उरतात. आणि गोदू, तुझी ती एक. ती मात्र आता ऐकून टाकू."

"ऐकू या की," मी म्हटलं. "एक मिंट थांबा, एवढं लोणचं होऊ दे."

लोणच्यामुळेच पुढचं सगळं झालं. त्या वर्षी कैरी उदंड आणि बरण्या ठेवायला जागा नाही. माजघरातली फळी तबकड्यांनी अडवलेली. मी क्षिप्राला म्हटलं, "ज्या दादांच्या दुसऱ्यांदा ऐकून होतील त्या विकून टाकत जा. पेपर वाचून झाला की रद्दीतच जातो ना?" क्षिप्रा अलिबागला एका पतपेढीत आहे, तिला हिशोब पटकन कळतो. तिने फोटो काढून मोबाइलवर टाकले. तासाभरात कोणा अजेयचा फोन आला. कशालाही हात लावू नका, मी निघालोय.

अजेय नेरूळहून आला. वय असेल पस्तीस. त्याच्या कार्डावर जे काही छापलं होतं त्याचा अर्थ क्षिप्राने सांगितला की हे जुन्या तबकड्यांचे मूल्यांकनकार आहेत. पायातले बूट त्याने काढले नाहीत, पण हातात पांढरे मोजे घातले. मला आंटी म्हणाला. मी म्हटलं, काकू म्हण. मग त्याने पहिली तबकडी काढली, टॉर्चच्या उजेडात तिरकी धरली, पुढून बघितली, मागून बघितली, वास घेतला. आमच्या सोयरिकीत मुलगी बघायला आलेल्यांनी एवढी चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

"सुई ठेवू का?" मी विचारलं. "वाजवून बघशील ना?"

त्याने तबकडी छातीशी धरली. "नाही नाही काकू, प्लीज. वाजवायचं नाही. वाजवली की ग्रेड गिरता है. आपण फक्त बघून करतो."

"म्हणजे गाणं कसं आहे ते बघून सांगणार?"

"गाण्याचा काय संबंध?"

इथे मला त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला. पन्नास वर्षं मीही हेच म्हणत होते, फक्त माझ्याकडे हातमोजे नव्हते.

तो एकेक तबकडी बघायचा आणि श्रेणी सांगायचा, क्षिप्रा लिहून घ्यायची. "ही गुड. ही पण गुड."

"बरी निघाली मग," मी म्हटलं.

"नाही काकू, गुड म्हणजे बेकार. फेकण्यासारखी."

"मग व्हेरी गुड?"

"चालवून घेण्यासारखी."

"आणि खरोखरच चांगली असली तर?"

"तर निअर मिंट म्हणायचं."

भिंत पडलेल्या शाळेला 'समाधानकारक' असा शेरा मिळालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे ही भाषा मला परकी वाटली नाही. दादा आरामखुर्चीतून उजवा कान पुढे करून सगळं ऐकत होते. त्यांच्या सर्वांत लाडक्या तबकडीला, जी त्यांनी हजार वेळा तरी वाजवली असेल, 'पुअर' मिळाला. दादांनी विचारलं, "पण ती काय सुंदर आहे ते माहितीय का तुम्हाला?" अजेय म्हणाला, "तेच ना अंकल. तुम्ही फार ऐकलीत."

आणि मग चिठ्ठीवाली निघाली. अजेय खाली बसला, फरशीवर, बुटांसकट.

"काकू, ही उघडलेलीच नाही. ही मिंट आहे."

"किती?"

"काय किती?"

"किती मिंट?"

"किती म्हणजे… मिंट. एकच असते."

"एका मिंटाची एवढी थोरली तबकडी?"

क्षिप्राने मध्ये पडून उलगडा केला. मिंट म्हणजे कोरी. कारखान्यातून निघाली तशी, जिला अजून कोणीच वापरलेलं नाही. अजेय तोवर मोबाइलमध्ये काही शोधत होता, आणि त्याचा आवाज देवळात आल्यासारखा झाला. म्हणाला, या तबकडीच्या उघडलेल्या प्रती जगात हजारो असतील, पण न उघडलेल्या चार-पाच. साडेतीन लाख कुठे गेले नाहीत.

"लोक आणतात आणि लगेच ऐकून टाकतात," तो म्हणाला. "पन्नास साल! ये कैसे हुआ? फॉर्ममध्ये रकाना आहे, वस्तू कशी जतन केली म्हणून. काय लिहू?"

मी आठवू लागले. दादा म्हणाले, "लिहा. एक मिंट थांबा."

अजेय थांबला. पेन वर धरून चांगला थांबला.

"थांबू नका, लिहा," दादा म्हणाले. "तीच पद्धत. ही पन्नास वर्षं तेवढंच म्हणत आली."

अजेयने ते लिहून घेतलं. पुढचा रकाना मालकीचा. "पहिले मालक आहेत का?"

"हे काय, बसलेत समोर," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा जरा पडला. "तसं काही नाही. पण नसतील तर कैलासवासी अमुक यांच्या संग्रहातून असं लिहिता येतं. पंधरा टक्के वाढतात."

"दिवाळीपर्यंत कान जातोय," दादा म्हणाले. "बाकीच्याचं मी आत्ताच काही कबूल करत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मी देवळात गेले, मग बंदरावर गेले, मग बचत गटाच्या बैठकीला गेले, आणि तिन्ही ठिकाणी सांगून आले की नवऱ्याला थांबवून ठेवून मी साडेतीन लाख कमावले. त्यानंतर आठ दिवस रेवदंड्यात कोणाच्याही नवऱ्याला वेळेवर चहा मिळाला नाही.

आता एवढ्या किमतीची वस्तू घरात आहे म्हटल्यावर घर पूर्वीसारखं चालवणं बेजबाबदारपणाचं झालं असतं. चौसष्टही तबकड्या लोखंडी कपाटात गेल्या आणि चावी माझ्या कमरेला आली. बाकीच्या त्रेसष्टांना फारसा भाव नव्हता, पण अजेयने सांगितलं की संग्रह अखंड असेल तर शोभतो, आणि वाजवल्याने त्या 'गुड'वरून आणखी घसरतील; वर चढायची सोय नाही, खालच्या श्रेणी मात्र आहेत. खाऱ्या हवेने बुरशी धरते म्हणून माजघराला एसी बसवला. आम्हा माणसांना आजवर पंखा पुरला होता. तळणाची वाफ प्लास्टिकवर बसते म्हणून घरात बोंबील तळायचे बंद केले. आमच्याकडे कामाला येणारी मनुबाई, जी माझ्याआधीपासून या घरात आहे असं ती सांगते, तिला केरसुणी वापरायची बंदी केली, कारण धूळ.

"मंग मी काय करू?" मनुबाई म्हणाली.

"ओल्या फडक्याने पूस."

"ओल चालत न्हाय म्हंता ना?"

"मग कोरड्याने."

"कोरड्याने धूळ उडतंय."

"तर मग नको पुसू."

"ह्ये मातर बरं हाय," मनुबाई म्हणाली, आणि पायरीवर जाऊन बसली. ती दिवाळीपर्यंत तिथेच होती.

पुढे अजेयने फोनवर सांगितलं की माणसाच्या श्वासानेही ओल वाढते. माजघरात सर्वांत जास्त वेळ श्वास कोण घेतं याची मी चार दिवस पाहणी केली. दादाच निघाले. त्यांची कॉट पडवीत काढली. आरामखुर्ची मात्र त्यांनी हलवू दिली नाही. रोज सात वाजता ते येऊन तिच्यात बसायचे, बंद कपाटासमोर. साधारण वीस मिनिटांनी त्यांचा हात उठायचा, तबकडी उलटी करायला, आणि मग खाली यायचा. आणखी वीस मिनिटं बसायचे आणि पडवीत जायचे.

"गोदू," जूनमध्ये एकदा ते म्हणाले, "ती विकायची तर वीक. पण आधी एकदा ऐकू. कान चाललाय."

मला त्यांना नाही म्हणवेना. नाही म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये यासाठी कचेरीत काय करतात हे मला ठाऊक होतं. सातबाऱ्यावरचं एक नाव दुरुस्त करायला मी पस्तीस वर्षं हेलपाटे घातले आहेत, ते वाया गेले नाहीत. मी म्हटलं, "तसं तोंडी नको. अर्ज द्या."

दादा जन्माचे कारकून. त्यांनी समासासह अर्ज लिहिला. 'विषय: तबकडी ऐकण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदया.' मी तो दहा दिवस डब्याखाली ठेवला आणि परत केला. शेरा मी तोंडी सांगितला, क्षिप्राने लिहिला: निकडीचं कारण नमूद नाही.

दादांनी कारण नमूद केलं. मी कारणाला पुरावा मागितला. ते एसटीने अलिबागला जाऊन डॉक्टरांचा दाखला घेऊन आले, उजवा कान सत्तर टक्के निकामी, शिक्क्यासह. तो मी वाचून घेतला आणि सांगितलं, "लिही क्षिप्रा. जोडलेल्या दाखल्यावरून अर्जदारास पुरेसं ऐकू येत नसल्याचं दिसतं, सबब तबकडीची आवश्यकता दिसून येत नाही."

"आई, हे जरा जास्तच होतंय," क्षिप्रा म्हणाली.

तिला मी व्हेरी गुड दिला.

दादांनी तो कागद नाकाजवळ धरून दोनदा वाचला. "म्हणजे ऐकू येत असेल तर घाई नाही, आणि येत नसेल तर गरज नाही."

"बरोबर."

"गोदू, तू आमच्या कंपनीत असतीस तर मी तुझ्या हाताखाली असतो."

"आत्ता कुठे आहात?" मी म्हटलं.

ते हसले. दादांचं हसणं असं की आपणच जिंकलो असं समोरच्याला वाटतं.

गणपती झाले. अजेयचा दर आठवड्याला फोन, काकू थांबा, भाव चढतोय. थांबण्याचं मला कोणी शिकवायला नको होतं. गावातून माणसं तबकडी बघायला यायची. कपाट उघडून मी ती दुरून दाखवायची. कोणी तरी विचारायचंच, "वाजते कशी?" आणि मी म्हणायची, "वाजत नाही, म्हणून तर." माणसं माना डोलवायची. एकाने चौलहून येऊन तबकडीला हात जोडले.

नवरात्रात माझ्या लक्षात आलं की दादांचा अर्ज यायचा थांबला आहे. मला वाटलं, प्रकरण निकाली निघालं.

"बाय," मनुबाई पायरीवरून म्हणाली, "दादांना मगाशी तीनदा हाक मारली. वळून न्हाय बगितलं."

"पेपर वाचत असतील."

"पेपर उलटा व्हता."

कशाचाही भाव करायची माझी एक रीत आहे, ती मी वर सांगितली. डब्यातली सोलायची सुकी सुपारी घेतली, दादांच्या पाठीमागे उभी राहिले आणि उजव्या कानापासून हातभर लांब धरून हलवली. काही नाही. वीतभर आणली. काही नाही. कानाला लागेल एवढी आणली आणि हलवली, तेव्हा दादा समोर बघतच म्हणाले, "पोकळ आहे."

मी ती फोडून बघितली. सुपारी भरलेली होती. मग पोकळ काय ते मी त्यांना विचारलं नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अजेय आला, सोबत कागद घेऊन. गिऱ्हाईक ठरलं होतं. बंगळूरचे कोणी गृहस्थ, त्यांच्याकडे अशा नऊशे आहेत, एकही उघडलेली नाही. मी विचारलं, ते करतात काय त्यांचं? अजेय म्हणाला, बघतात.

"काकू, फक्त इथे सही. डिक्लेरेशन आहे. मराठीत करून आणलंय खास."

सही मी करते, अंगठा नाही. पण वाचल्याशिवाय करत नाही, आणि वाचते मी तिसरीतल्यासारखी, एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्याने. क्षिप्रासारखं भरभर वाचता येत असतं तर त्या दिवशी सही होऊन गेली असती.

"मी… खाली सही करणार… असे जाहीर करते की… सदर तबकडी… माझ्या ताब्यात असताना… मी किंवा माझ्या कुटुंबातील… कोणत्याही व्यक्तीने… तिचा…"

"काय लिहिलंय?" दादा खुर्चीतून म्हणाले.

"काही नाही, कागद आहे," मी म्हटलं.

"काय?"

मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि ओरडून वाचलं. ओरडल्याशिवाय पोहोचत नव्हतं. "तिचा कोणत्याही प्रकारे उपभोग घेतलेला नाही."

"कोणी?"

"मी. किंवा कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीने."

"कधी?"

"कधीही," मी ओरडले. शेजारच्या वाडीत सुपारी सोलणाऱ्या बायांचे हात थांबलेले मला इथून दिसले.

"खरं हाय त्ये," मनुबाई पायरीवरून म्हणाली. "करा सही."

दादांनीही मान हलवली. कारकून माणूस, कागद बिनचूक असला की त्यांना बरं वाटतं. "बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "करून टाक. त्यांना परत जायचं असेल."

अजेयने पेन पुढे केलं. मी ते घेतलं आणि म्हटलं, "एक मिंट थांब."

तो थांबला. एव्हाना त्याला ती पद्धत माहीत झाली होती. मी कपाट उघडलं, तबकडी काढली आणि सुपारी सोलायच्या सुरीने प्लास्टिक उभं चिरलं. अजेयच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या चौसष्टपैकी कोणत्याही तबकडीवर नसेल.

"काकू…"

"आता काय झाली?"

"निअर मिंट," तो म्हणाला. पाणी मागितल्यासारखं म्हणाला.

मी तबकडी बाहेर काढली. हाताला सकाळचं खोबरेल होतं, त्याचा अंगठा कडेला उमटला.

"आणि आता?"

"व्हेरी गुड प्लस. काकू, निदान पुसून तरी…"

मी ती मनुबाईच्या कोरड्या फडक्याने पुसली. "आता?"

अजेयने हातमोजे काढले आणि खिशात घातले.

यंत्र पाच महिने बंद होतं. सुई कशी ठेवायची ते मला माहीत नव्हतं, पन्नास वर्षं मी फक्त ती थांबवायला सांगितली होती. दादा उठले आणि त्यांनी ठेवली. खुर्ची ओढून अगदी यंत्राला लावली, उजवा कान पुढे केला आणि तळवा यंत्राच्या लाकडावर टेकवला. मी शेजारी पाटावर बसले. हातात काम नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करायचं ते सुचेना.

"लागली का?" दादांनी विचारलं.

"लागली," मी ओरडले.

"तुतारी असेल आता."

"आहे."

"ती नाही येत. पिंप येतंय. हाताला लागतंय." त्यांनी कान आणखी पुढे नेला. मग म्हणाले, "आत्ता आली. थोडी आली. गेली."

एका बाजूला बावीस मिनिटं होती. घड्याळातली. मी सगळी बसले. खोटं बोलणार नाही, मला ते आवडलं नाही. एकाने तुतारी फुंकली, दुसऱ्याने पिंप बडवलं, तिसरा उठून भांडला. ज्याला आवडतं त्याला ऐकू येत नव्हतं, आणि जिला ऐकू येत होतं ती मी. मग सगळे एकदम थांबले. मी सवयीने दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"कशी होती?" दादांनी विचारलं.

"गुड," मी त्यांच्या कानात म्हटलं.

त्यांना श्रेणी माहीत होत्या. ते हसले, उठले आणि तबकडी उलटी केली.

अजेय दुसऱ्या बाजूलाही बसून होता. जाताना म्हणाला, एवढी वर्षं या धंद्यात आहे, पूर्ण तबकडी पहिल्यांदाच ऐकली. त्याला आम्ही बोंबील खाऊ घातले, घरातच तळलेले. मूल्यांकनाचं शुल्क त्याने सोडलं नाही.

दिवाळीनंतर दादांच्या मशीनसाठी अलिबागला गेलो. डॉक्टर म्हणाले, आजी, आलाच आहात तर तुमचेही कान तपासू. तपासले आणि दोनदा तपासले. म्हणाले, या वयात दोन्ही कान इतके कोरे मी पाहिले नाहीत, कसे सांभाळलेत? मी म्हटलं, लिहा, एक मिंट थांबा. ते थांबले.

माझं मूल्यांकनाचं काम आता पुन्हा सुरू आहे. सुपारी, पापलेट आणि इतर. हे तुम्ही वाचत बसला असताना आतून कोणी तरी एकदा हाक मारली असेल. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मी विचारत नाही. किती वर्षं झाली तेवढं कळवा. श्रेणी मी लावून देईन.